खबऱ्या आणि त्याचा धनी

शाळामास्तराला दोन गोष्टी न मागता मिळतात. एक सल्ला आणि दुसरी चुगली. बावधनला मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक चुणचुणीत मुलगा मधल्या सुटीत माझ्या टेबलापाशी घुटमळे आणि म्हणे, "गुरुजी, माझं नाव सांगू नका, पण..." काच कुणी फोडली, गणिते कुणी उतरवली, याची खबर तो आणी आणि ती बहुधा खरी निघे. मी त्याला मॉनिटर केले. पुढे एकदा सहलीच्या वर्गणीतले पैसे गेले. त्याने एका मुलाचे नाव सांगितले. मी त्या मुलाला भर वर्गात उभे केले, नको ते बोललो. तो रडला नाही. "तुम्हांला कुणी सांगितलं?" एवढेच त्याने विचारले. "ते तुला कशाला हवं?" मी गरजलो. चार दिवसांनी पैसे हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात सापडले. मीच ते तिथे ठेवले होते. त्या दोघांत पतंगावरून भांडण झाले होते, हेही मग कळले. दिवाळीची सुटी संपली, पण तो मुलगा शाळेत परतला नाही.

चुगली करणाऱ्या पोराला मी पुष्कळ दिवस मनातून दोष दिला. पण ते पोर दहा वर्षांचे होते. कानाशी लागण्याची चव त्याला मी लावली होती. त्याचे नाव मी गुप्त ठेवले ते त्याच्यासाठी, अशी माझी समजूत होती. खरे पाहता त्या गुप्ततेने झाकला गेला तो माझा निष्काळजीपणा.

बावधनहून पाषाणमार्गे पुण्यात उतरताना गणेशखिंडीचा रस्ता लागतो. 22 जून 1897 च्या रात्री याच रस्त्यावर प्लेगच्या बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. सरकारने वीस हजारांचे बक्षीस लावले. गणेश शंकर आणि रामचंद्र या द्रविड बंधूंनी खबर दिली आणि 18 एप्रिल 1898 रोजी दामोदर चाफेकर फासावर गेले. 8 फेब्रुवारी 1899 च्या रात्री दोन माणसे द्रविडांच्या दाराशी आली. पोलीस अधिकारी ब्रुइनसाहेब बोलावताहेत, असा निरोप त्यांनी दिला. दोघे भाऊ निघाले आणि वाटेत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. निरोप घेऊन आलेले होते वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे. 1899 च्या मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण चाफेकर यांना फाशी झाली.

चाफेकर देशभक्त आणि द्रविड फितूर, हा निकाल महाराष्ट्राने केव्हाच दिला आहे. तो फिरवण्याची माझी इच्छा नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाचे मन त्या निरोपापाशी अडते. रात्रीच्या वेळी अनोळखी माणूस साहेबाचे नाव सांगतो आणि दोघे निमूट चालू लागतात. एकदा खबर दिलेल्या माणसाला ठाण्याचे बोलावणे नाकारता येत नाही, हे मारणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. सरकारला मात्र त्याची जाणीव दिसत नाही. त्याचे काम झाले होते. द्रविडांचे नाव पुण्यात ज्याच्यात्याच्या तोंडी होते आणि ते राहत होते त्याच पुण्यात.

ते राज्य परक्यांचे होते, असे कुणी म्हणेल. मग आपल्या राज्यात काय आहे? खबऱ्यावाचून कोणतेही राज्य चालत नाही. तीन हेर एकमेकांना नकळत एकच गोष्ट सांगतील तेव्हा ती खरी मानावी, आणि ज्याची खबर वारंवार खोटी ठरते त्याला दूर करावे, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात घालून दिले आहे. हेराइतकाच त्याचा धनीही पारखला पाहिजे, हे त्यात उघड आहे. खबऱ्याचे नाव झाकलेच पाहिजे, यातही वाद नाही. गडचिरोलीच्या जंगलात पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून नक्षलवाद्यांनी किती तरी आदिवासींना ठार केले आहे. म्हणूनच, गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही, असे 1872 च्या पुरावा कायद्याचे 125 वे कलम सांगत होते. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे 131 वे कलमही तेच सांगते.

कलम योग्य आहे. पण त्याच्या आडोशाला आपण दोन निराळ्या गोष्टी एकाच कुलपात ठेवल्या आहेत. खबऱ्याचे नाव ही एक, आणि त्याच्याशी केलेल्या व्यवहाराचा हिशेब ही दुसरी. त्याला काय दिले, त्याचे कोणते गुन्हे पोटात घातले, त्याच्या शब्दावर कोणाला धरले, तो शब्द कोणी पडताळला? हे विचारताना त्याचे नाव उच्चारावे लागत नाही. मुंबईने याची किंमत मोजली आहे. डेव्हिड हेडली हा अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत पकडला गेलेला माणूस अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा एके काळचा खबऱ्या. त्याच्या बायकांनी तिथल्या अधिकाऱ्यांना त्याच्याविषयी सावधही केले होते. तरी तो मुंबईत येऊन जागा हेरून जात राहिला आणि 26 नोव्हेंबर 2008 ला सुरू झालेल्या हल्ल्यात 166 माणसे गेली. एकदा उपयोगी पडलेल्या माणसाकडे पुन्हा डोळे उघडून पाहणे अधिकाऱ्याला किती जड जाते, ते मी माझ्या टेबलापाशी अनुभवले आहे.

ब्रिटनने 2000 साली कायदा करून यावर एक साधी व्यवस्था केली. खबऱ्याशी रोजचा संबंध ठेवणारा अधिकारी एक, त्याच्यावर देखरेख करणारा दुसरा आणि नोंद ठेवण्याची जबाबदारीही नेमून दिलेली. आपल्याकडे खबऱ्यांसंबंधी संसदेचा असा स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना मान्य केली. पण ती साक्षीदारांसाठी, आणि खबऱ्या तर कोर्टाची पायरी चढतच नाही. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा, असा आदेश 2006 च्या प्रकाश सिंह खटल्यात झाला आणि महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात तशी तरतूद केली. पण आपण कोणाच्या शब्दावर पकडले गेलो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने तक्रार कोणाची करावी?

ठाण्याबाहेरच्या कोणी तरी, एखाद्या न्यायाधीशाने, वर्षातून एकदा ही वही उघडून पाहावी, एवढेच माझे मागणे आहे. नावांच्या जागी आकडे असले तरी चालतील. पोलिसांचा हात त्याने बांधला जाईल असे मला वाटत नाही. एकटाच अंधारात व्यवहार करणाऱ्या प्रामाणिक फौजदारालाही त्याचा आधारच होईल, आणि पुढच्या एखाद्या द्रविडाच्या दाराशी खोटा निरोप येण्याआधी त्याची काळजी करणे हे कोणाचे तरी कर्तव्य ठरेल.

शाळा सोडून गेलेला तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आता मला सुचते. "बाळ, नाव मी सांगणार नाही. पण मी अजून काहीच पडताळलेलं नाही. तू खाली बस."