पिशवीतलं सगळं

श्रीवर्धनकडच्या बागांत चाळीस वर्षं सुपारीच्या झाडांवर चढून-उतरून तात्यांची कंबर कामातून गेली. पाच वर्षं ते मेडिकलवाल्याच्या भरवशावर होते. 'कंबरेची द्या' म्हटलं की तो पट्टीच्या चार गोळ्या कात्रीनं कापून हातावर ठेवायचा. मी पुतण्या. मागे लागून लागून त्यांना तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत त्यांनी मला बजावलं, "कडक गोळी मागायची. बाकी काही बोलायचं नाही."

बाईंनी कंबर दाबून पाहिली, पाय ताठ ठेवून उचलले, मुंग्या येतात का, लघवीवरचा ताबा सुटतो का, विचारलं. मग म्हणाल्या, "तात्या, पिशवी ओता इथं."

टेबलावर बीपीच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या आणि दोन रंगांच्या कापलेल्या पट्ट्या पडल्या. नशीब, नावाचे तुकडे शिल्लक होते. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून त्या डोळ्यांजवळ धरल्या. ठळक अक्षरांत दोन वेगळी नावं, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत दोन्हींवर डायक्लोफेनॅक. सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी म्हणून तात्या एकच औषध दुप्पट घेत होते.

"डायक्लो..." तात्या पुढे वाकले. "अहो, हे तर गिधाडांचं!"

शेजारच्या म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडं राखायचं काम चालतं, त्यामुळे आमच्याकडे ही गोष्ट ठाऊक आहे. आजारी गुराला हे औषध टोचायचे. जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. गुरांसाठी २००६ साली बंदी आली, तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचायच्या. म्हणून २०१५ साली ते इंजेक्शन एका डोसाच्या ३ मिलिलिटरमध्येच विकायचा नियम झाला.

"माणूस म्हणजे गिधाड नव्हे," बाई हसल्या. "चार दिवस घेतली तर बहुतेकांना निभते. पण पाच वर्षं, तीही दुप्पट, वर बीपीची गोळी? पित्त यानंच, बीपी चढतंय तेही यानं असेल. आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघू, मूत्रपिंडं कशी आहेत ते कळेल."

"मग कडक काहीतरी द्या."

"ट्रॅमाडॉल मागताय? २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. सवय लागते, चक्कर येते. मूळची उदासीवरची एक गोळी आहे, ड्युलोक्सेटिन. जुन्या कंबरदुखीत काहींना थोडा आराम पडतो. दोन-चार आठवडे धीर धरावा लागेल, सुरुवातीला मळमळेल, मनानं बंद करायची नाही. रिपोर्ट चांगला आला तर विचार करू. व्यायाम मात्र आजपासून. आणि हे सांगा, दुखणं किती उतरलं म्हणजे तुमचं भागेल?"

हा प्रश्न तात्यांना कोणी कधी विचारला नव्हता. "झाडावर चढता आलं पाहिजे."

"ते नाही जमायचं."

"अर्ध्यापर्यंत?"

"तात्या!"

बरीच घासाघीस झाली. शेवटी खाली बसून सुपाऱ्या सोलता याव्यात आणि रात्री सलग चार तास झोप लागावी, इथवर तात्या उतरले. माझ्या मते खरं औषध तिथं ठरलं.

"बाजारातलं चूर्ण-बिर्ण घेता? अशा पुड्यांत कधी स्टिरॉइड मिसळलेलं निघतं. ते एकदम सोडलं तरी माणूस कोसळतो."

"छे, छे," तात्या म्हणाले.

एसटी स्टँडवर ते गप्प होते. गाडी लागली, मी पिशवी उचलली, तरी ते बाकावरून हलेनात.

"गिधाडाला कुणी विचारलं नव्हतं रे, काय खातोस म्हणून," ते म्हणाले. मग बंडीच्या आतल्या खिशातून वर्तमानपत्राची तेलकट पुडी काढली. आत विटकरी रंगाचं चूर्ण होतं, अर्ध्याच्या वर संपलेलं. "आठवडी बाजारातलं. दीड वर्ष झालं."

गाडी सोडून आम्ही मागे फिरलो. कंपाउंडर म्हणाला, नंबर गेला, आता शेवटी बसा. तात्या पुडी मुठीत धरून बाकाच्या टोकाला टेकले.