निकालाआधीची निष्ठा

‘चौकशी झालीच पाहिजे’ हे वाक्य लोकशाही राज्यात जितके कानांवर येते, तितके दुसरे क्वचितच येत असेल. पूल कोसळला, प्रश्नपत्रिका फुटली, पोलिसांनी गोळीबार केला, की पहिली मागणी चौकशीची. ती योग्यच आहे. परंतु मागणी करणाऱ्याने आपल्या मनाला एक प्रश्न आधी विचारावयास हवा असतो, आणि तो बहुधा विचारलेला नसतो. काय घडले हे आपणांस जाणून घ्यावयाचे आहे, की जे घडले असे आपण धरून चाललो आहोत त्यावर शिक्का उठवून हवा आहे? या दोन इच्छा बाहेरून अगदी सारख्या दिसतात. अहवाल हाती पडेपर्यंत त्यांतला भेद खुद्द त्या माणसालाही कळत नाही.

या प्रश्नाचा विचार करावयास अमेरिकेतील एका चौकशीची हकीकत फार उपयोगी आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प अध्यक्षपदी निवडून आले. त्या निवडणुकीत रशियाने ढवळाढवळ केली आणि तीत ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेचेही अंग होते, असा संशय बोलला जाऊ लागला. ९ मे २०१७ रोजी अध्यक्षांनी एफ. बी. आय. या मध्यवर्ती तपास संस्थेचे प्रमुख जेम्स कोमी यांना बडतर्फ केले. त्यानंतर आठ दिवसांनी न्याय खात्याने रॉबर्ट म्युलर यांची विशेष वकील म्हणून नेमणूक केली. म्युलर व्हिएतनामच्या युद्धात लढलेले, पक्षाने रिपब्लिकन, आणि २००१ ते २०१३ या काळात दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांच्या हाताखाली एफ. बी. आय. चे प्रमुख राहिलेले. नेमणूक झाली तेव्हा दोन्ही पक्षांतील पुढाऱ्यांनी तिचे स्वागत केले.

ते स्वागत फार दिवस टिकले नाही. अध्यक्ष या चौकशीला वारंवार ‘चेटकिणींची शिकार’ म्हणू लागले, आणि त्यांचे अनुयायी म्युलर यांच्या मदतनिसांपैकी कोणी पूर्वी कोणत्या पक्षाला देणगी दिली याचा हिशेब मांडू लागले. दुसऱ्या बाजूला, ज्या मेणबत्त्यांवर संतांची चित्रे छापतात, तसल्या मेणबत्त्यांवर संताच्या जागी म्युलर यांचा चेहरा छापून त्या विकल्या गेल्या. म्युलर जाहीरपणे काहीच बोलत नव्हते. त्यामुळे त्यांच्या मौनात ज्याला जे ऐकावयाचे होते ते त्याला ऐकू येत होते. एकाच्या दृष्टीने ते कपटी झाले, दुसऱ्याच्या दृष्टीने तारणहार. ते काय शोधून काढतील याची खरी उत्सुकता मात्र कोणत्याच बाजूला फारशी उरली नव्हती.

२२ मार्च २०१९ रोजी अहवाल सादर झाला. तोवर सुमारे ५०० साक्षीदारांच्या जबान्या झाल्या होत्या, २८०० हून अधिक समन्स निघाली होती आणि ३४ व्यक्तींवर आरोप ठेवले गेले होते. अहवाल दोन खंडांचा, ४४८ पानांचा. दोनच दिवसांनी अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी त्याचे सार सांगणारे चार पानांचे पत्र प्रसिद्ध केले. अहवाल मात्र, काही मजकूर झाकून, १८ एप्रिल रोजी बाहेर आला. मधल्या साडेतीन आठवड्यांत देशाने चार पानांवर आपले मत पक्के केले. त्या पत्रात आपल्या कामाचा संदर्भ व आशय पुरता उतरलेला नाही, असे म्युलर यांनी २७ मार्चलाच बार यांना लिहिले होते. पण ही गोष्टही लोकांना एप्रिल सरता सरता कळली.

आमच्या वाचकांपैकी ज्यांची हयात फायलींच्या सहवासात चालली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. फाइल जाड असली की वरची टिप्पणी वाचून सही होते आणि खालचे कागद दोरीत बांधलेलेच राहतात. टिप्पणी लिहिणारा खोटे लिहितो असे नाही. काय वर ठेवावयाचे एवढेच तो ठरवितो. आणि पुष्कळदा तेवढ्याने प्रकरणाचा निकाल लागतो.

त्या ४४८ पानांत होते तरी काय? पहिल्या खंडाचा निष्कर्ष असा, की रशियाच्या सरकारने या निवडणुकीत व्यापक प्रमाणावर आणि पद्धतशीरपणे ढवळाढवळ केली. सेंट पीटर्सबर्गमधील एका संस्थेने अमेरिकन नागरिकांची सोंगे घेऊन समाजमाध्यमांतून प्रचार केला. एकट्या फेसबुकवर तो १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोहोचला असावा, असा त्या कंपनीचा अंदाज होता. रशियाच्या लष्करी हेरखात्याने डेमोक्रॅटिक पक्षाचा पत्रव्यवहार चोरून तो प्रसिद्ध होईल अशी तजवीज केली. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेला या खटाटोपातून आपला लाभ होईल अशी अपेक्षा होती; परंतु तिने रशियाशी संगनमत केले हे सिद्ध झाले नाही. दुसरा खंड चौकशीच्या कामात अध्यक्षांनी अडथळा आणला काय, याविषयीचा होता. तेथे म्युलर यांनी अध्यक्षांनी गुन्हा केला असे म्हटले नाही, आणि आपण त्यांना दोषमुक्त करीत नाही हेही स्पष्ट लिहिले.

‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘घडले नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत, हे खातेनिहाय चौकशी चालविलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यास ठाऊक असते. पहिले वाक्य पुराव्याविषयी बोलते, दुसरे घटनेविषयी. अध्यक्षांनी पहिल्याचे दुसरे करून आपण पूर्णपणे दोषमुक्त झालो असे जाहीर केले. पण त्यांच्या विरोधकांचे वर्तनही निर्दोष नव्हते. दोन वर्षे ज्या चौकशीवर त्यांनी सारा भरवसा ठेवला होता, तिने संगनमत सिद्ध होत नाही असे सांगताच त्यांच्यापैकी अनेकांना ती अपुरी, भित्री आणि अडाणी वाटू लागली. म्युलर तेच होते, पद्धतही तीच होती. आवडेनासा झाला तो निकाल. या सगळ्या गदारोळात अध्यक्षांविषयीचे लोकमत मात्र, मतचाचण्यांवरून पाहता, होते तेथेच राहिले.

आम्हांस यातील सर्वांत खेदाची गोष्ट निराळीच वाटते. अहवालाचा जो भाग सर्वांत भक्कम पुराव्यावर उभा होता, तो कोणालाच फारसा नको होता. परकीय सत्तेने आपल्या घरात हात घातला ही इजा सबंध राष्ट्राची होती, कोण्या एका पक्षाची नव्हती. परंतु अध्यक्षांच्या अनुयायांना ती मान्य केली तर आपला विजय उणा ठरेल अशी धास्ती होती. विरोधकांना ती हवी होती, पण स्वतंत्र इजा म्हणून नव्हे. आपल्या पराभवाचे कारण म्हणून हवी होती. मिशिगन, विस्कॉन्सिन व पेन्सिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मतांनी ती निवडणूक फिरली. तेथील मतदार आपल्यापासून का दुरावले, हा प्रश्न कष्टाचा होता. परक्याने कावा केला हे उत्तर सोयीचे होते. त्या काव्याने किती मते फिरली हे म्युलर यांनी मोजलेच नव्हते. २९ मे २०१९ रोजी ते प्रथमच जाहीरपणे बोलले, तेव्हा निवडणुकीत ढवळाढवळ करण्याच्या या प्रयत्नांकडे प्रत्येक अमेरिकनाने लक्ष द्यावे, एवढेच त्यांनी शेवटी सांगितले. त्या दिवशीची चर्चा मात्र अध्यक्षांवर महाभियोग होणार की नाही, याभोवतीच फिरत राहिली.

पुढे पारडे फिरले. मूळ तपास सुरूच कसा झाला, याची चौकशी जॉन डरहॅम यांच्याकडे २०१९ मध्ये सोपविण्यात आली. कालपर्यंत चौकशी या शब्दाचा तिटकारा करणारे आता डरहॅम यांच्या अहवालाकडे डोळे लावून बसले, आणि कालपर्यंत चौकशीचे पावित्र्य सांगणारे तिचे हेतू तपासू लागले. डरहॅम यांनी चालविलेल्या दोन्ही खटल्यांत २०२२ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मे २०२३ च्या अहवालात त्यांनी एफ. बी. आय. वर कडक टीका केली. प्रत्येक बाजूने आपापला अर्धा भाग उचलला. माणसे जागच्या जागी राहिली, भूमिकांची तेवढी अदलाबदल झाली.

आपल्या नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून होतो तो वाद. जिंकावे म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करावे म्हणून होते ती वितंडा. चौकशी ही वादाच्या जातीची संस्था आहे. तिला जल्पाच्या आखाड्यात उतरविले की ती निकामी होते. मग ती चालविणारा कितीही सचोटीचा असो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. चौकशी करणारी माणसेच असतात, त्यांना नेमणारे सत्ताधारी असतात. मग नागरिकाने प्रत्येक अहवाल डोळे मिटून मानावा काय? मुळीच नाही. याच प्रकरणात न्याय खात्याचे महानिरीक्षक मायकेल होरोविट्झ यांनी डिसेंबर २०१९ मध्ये दाखवून दिले, की ट्रम्प यांच्या एका माजी सल्लागारावर पाळत ठेवण्याच्या परवानगीसाठी एफ. बी. आय. ने केलेल्या अर्जांत १७ गंभीर चुका व गाळलेल्या गोष्टी होत्या. तपास राजकीय आकसाने सुरू झाला असा पुरावा मात्र त्यांना मिळाला नाही. संशय घेणे हा नागरिकाचा हक्क आहे. फक्त तो पद्धतीवर घ्यावा आणि निकालाआधी घ्यावा. निकालानंतरच सुचलेल्या आक्षेपाला एक कसोटी लावावी: निकाल उलट लागला असता तर हाच आक्षेप मला सुचला असता काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या आक्षेपाचे मूळ अहवालात नाही, आपल्या निराशेत आहे.

मनुष्यस्वभावच असा, त्याला इलाज नाही, असेही कोणी म्हणतील. परंतु त्याच देशात रिचर्ड निक्सन १९७२ मध्ये ५० पैकी ४९ राज्ये जिंकून निवडून आले होते, आणि वॉटरगेटच्या चौकशीत पुरावा पुढे येत गेला तसतसे त्यांच्या पक्षातील लोकांचेही मत पालटत गेले. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांनी राजीनामा दिला. तेव्हा ध्वनिफितींवर खुद्द अध्यक्षांचा आवाज होता, हे खरे. पण आवाज ऐकून मत बदलण्यास ऐकणाऱ्याची तयारीही लागते.

नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरवून पुणे सोडले, याचा आपणां मराठी माणसांस अभिमान आहे. परंतु त्या अभिमानाचीही झडती घ्यावयास हरकत नाही. रामशास्त्र्यांना पुरावा अपुरा वाटला असता, आणि तसे त्यांनी तितक्याच निःस्पृहपणे सांगितले असते, तर आपण त्यांचे नाव इतक्याच आदराने घेतले असते काय? शास्त्रीबोवांचा मोठेपणा दोषाकडे बोट दाखविण्यात जितका, तितकाच बोट कोठे वळेल हे आधी न ठरविण्यात आहे. आपण पूजा करतो ती बहुधा बोटाची.

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा अनुभव लहान प्रमाणावर नेहमीच येतो. तंट्याची चौकशी आपल्याकडे आली की साक्षीपुराव्याआधी दोन्ही पक्ष विचारतात, ‘साहेब कोणाकडचे?’ त्या प्रश्नाचा आपल्याला राग येतो. पण वर्तमानपत्रात दुसऱ्याचा अहवाल वाचताना पहिल्या ओळीआधी आपणही तेच विचारीत असतो. निवडणूक बिघडविणाऱ्या परक्या सत्तेला आपल्या आवडीचा उमेदवार निवडून आणता आला नाही तरी चालते. इजा झालेल्यांचे, इजा झाली एवढ्यावरही एकमत होत नाही, इतके साधले की तिचा खर्च वसूल झाला. आणि ते काम कोणत्याही परक्याच्या हातून पुरे होत नाही. ते घरातल्या माणसांनाच पुरे करावे लागते.