घरट्याची अमानत

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-अनआममधील ३८ वी आयत आपण अनेकदा वाचतो, पण तिच्यापाशी फारसे थांबत नाही. जमिनीवर वावरणारे सर्व जीव आणि दोन पंखांनी उडणारे सर्व पक्षी हे मानवासारखेच समुदाय आहेत आणि अखेरीस त्यांनाही आपल्या पालनकर्त्यापुढे एकत्र केले जाईल, असा या आयतीचा आशय आहे. येथे ‘समुदाय’ या अर्थी ‘उमम’ हा शब्द आला आहे. ‘उमम’ हे ‘उम्मत’चे अनेकवचन होय. ज्या शब्दाने आपण मोठ्या अभिमानाने स्वतःची ओळख सांगतो, तोच शब्द निर्माणकर्त्याने मुंगीसाठी, चिमणीसाठी आणि कासवासाठीही वापरला आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, या शब्दाचा आपल्या दैनंदिन जीवनाशी काय संबंध आहे, हे एका हदीसवरून स्पष्ट होते. माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून ती अबू दाऊदच्या संग्रहात आली आहे. एका प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) काही वेळ बाजूला गेले होते. तेवढ्यात सोबत्यांना एक लहान पक्षीण आणि तिची दोन पिल्ले दिसली. त्यांनी पिल्ले उचलून घेतली. पक्षीण व्याकूळ होऊन त्यांच्याभोवती पंख फडफडू लागली. प्रेषित (स.) परतले, तिची अवस्था पाहिली आणि विचारले की, हिची पिल्ले घेऊन हिला कोणी दुःख दिले? मग ती पिल्ले तिला परत करण्याचा आदेश त्यांनी दिला.

या प्रसंगात प्रेषितांनी (स.) पक्षिणीबद्दल केवळ हळहळ व्यक्त केली नाही. जे घेतले ते परत ठेवा, असे सांगितले. इस्लाममध्ये दया ही अशी हातांनी करावयाची गोष्ट आहे.

आपल्याच किनाऱ्यावरील पक्षीण

आता आपल्या कोकण किनाऱ्याकडे पाहू. हिवाळा सुरू झाला की ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्रीच्या अंधारात वाळूवर येतात. भरतीच्या रेषेच्या वर सुमारे दीड फूट खोल खड्डा करतात, त्यात साधारणपणे शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळूने खड्डा बुजवतात आणि समुद्रात परत जातात. आई पुन्हा त्या घरट्याकडे येत नाही. पुढील ४५ ते ६० दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर आणि अल्लाहच्या हवाली असतात. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक निपजतात, थंड असेल तर नर. अंड्यातून निघालेले पिल्लू कोणी न शिकवता उजळ क्षितिजाच्या दिशेने, म्हणजे समुद्राकडे धावते, आणि मादी असेल तर मोठी झाल्यावर अंडी घालण्यासाठी पुन्हा त्याच परिसरात येते. विचार करणाऱ्यांसाठी यात निशाण्या आहेत.

परंतु ही घरटी एकेकाळी सर्रास उकरली जात. कोल्हे आणि कुत्री अंडी खात, माणसेही ती काढून खात व विकत. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. तेथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांना सोबत घेऊन अंडी वाचविण्याचे काम सुरू केले. पुढे वनविभागाच्या साहाय्याने ते किनाऱ्यावरील अनेक गावांत पसरले. गावातील तरुण ‘कासवमित्र’ म्हणून पहाटे किनारा चालतात. वाळूवरील मागावरून घरटे शोधतात, अंडी काळजीपूर्वक काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुरतात, तारीख लिहून ठेवतात आणि पिल्ले बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्राकडे सोडतात. वेळासमध्ये २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांना कासवाचे जीवन समजावून सांगितले जाते आणि ग्रामस्थांच्या घरी त्यांची राहण्या-जेवण्याची सोय होते. जेथे अंडी उकरली जात, तेथे आज त्यांची राखण होते.

हे काम आपले आहे काय?

बाणकोटपासून जयगडपर्यंत खाड्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वस्त्या आहेत. आपल्यातील कित्येक कुटुंबांची रोजी समुद्रावर चालली आहे. तरीही अशा कामाची गोष्ट निघाली की दोन उत्तरे ऐकू येतात.

पहिले उत्तर असे की, माणसांचे प्रश्न सुटलेले नसताना जनावरांची चिंता कशाला? याचे उत्तर हदीसमध्येच आहे. एका स्त्रीने मांजर बांधून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. त्यामुळे ती शिक्षेस पात्र ठरली. दुसरीकडे तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या पापी स्त्रीला क्षमा मिळाली. प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईत पुण्य आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ज्याच्या मनात मुक्या जीवाविषयी पाझर फुटतो, त्याचा हात शेजाऱ्याच्या मदतीलाही लवकर पुढे येतो.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे: हे काम दुसऱ्यांनी सुरू केले, त्यात आपण कशाला जावे? येथे ‘हिल्फुल फुजूल’चे स्मरण करावे. प्रेषितत्व प्राप्त होण्यापूर्वी मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही सज्जनांनी पीडितांचा हक्क मिळवून देण्याचा करार केला. त्यात प्रेषित (स.) सहभागी झाले. पुढे इस्लामच्या काळातही आपणास अशा कराराचे निमंत्रण आले तर आपण ते स्वीकारू, असे त्यांनी सांगितले. बोलावणारा कोण आहे यापेक्षा कशासाठी बोलावतो आहे, हे त्यांनी पाहिले. सूरह अल्-माइदाच्या दुसऱ्या आयतीतही नेकी व तकवाच्या कामात परस्परांना साहाय्य करण्याचा आदेश आहे.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबारमध्ये याचे एक उदाहरण घडले आहे. पेंबा बेटाजवळील मिसाली या छोट्या बेटाभोवती मुस्लिम कोळी मासेमारी करतात. तेथील प्रवाळ आणि मासे स्फोटकांच्या वापराने नष्ट होत होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे कुरआनच्या शिकवणीवर आधारित शिबिरे घेण्यात आली. सृष्टी ही अमानत आहे, ही गोष्ट आपल्याच दीनच्या भाषेत समोर आली तेव्हा ती कोळ्यांच्या मनाला भिडली.

आपण काय करू शकतो?

कासवमित्रांची फेरी उजाडण्यापूर्वी सुरू होते. फज्रसाठी उठणाऱ्या तरुणाला ही वेळ परकी नाही. नमाज आटोपून तासभर किनारा चालणे आणि घरटे किंवा माग दिसल्यास कासवमित्रांना अथवा वनविभागाला कळविणे, एवढे तरी प्रत्येक किनारी मोहल्ल्यातील दोघा-चौघांना सहज शक्य आहे. घरटे स्वतः उकरू नये. समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वोच्च संरक्षण आहे आणि अंडी हलविण्याचे काम प्रशिक्षित हातांनीच व्हावे.

मासेमारी करणाऱ्या बांधवांच्या जाळ्यात कासव अडकले तर जाळे कापून त्याला सोडावे. संरक्षित जीवाच्या सुटकेसाठी फाटलेल्या जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्य शासनाची योजना आहे; त्यासाठी सुटकेचे छायाचित्र काढून ठेवावे. आखातातून सुटीवर आलेल्यांनी मुलांना घेऊन पिल्लांची सुटका पाहण्यास अवश्य जावे. मात्र फ्लॅश मारू नये व पिल्लांना हात लावू नये. किनाऱ्यालगत घर असेल तर विणीच्या हंगामात समुद्राकडील दिवे रात्री मालवावेत, कारण दिव्यांच्या उजेडाने पिल्ले उलट दिशेला भरकटतात.

मस्जिदींच्या जबाबदारांना विनंती आहे की, हंगामापूर्वी एखाद्या रविवारी कासवमित्राला मस्जिदीच्या अंगणात किंवा मकतबमध्ये बोलवावे. अर्धा तास त्याने कासवाविषयी सांगावे, अर्धा तास इमाम साहेबांनी सूरह अल्-अनआमची आयत समजावून सांगावी. स्त्रियांच्या बसण्याची सोय असावी. घरात मुलांना या गोष्टी आईच सांगणार आहे. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी आपल्या तळ्यावरील पक्ष्यांसाठी, माळावरील मोरांसाठी हाच क्रम ठेवावा.

आईने ज्या घरट्याकडे पाठ फिरवली, ते निर्माणकर्त्याने आपल्या वस्तीच्या दाराशी ठेवले आहे. आखिरतमध्ये अमानतीचा हिशेब होईल तेव्हा या घरट्यांविषयीही आपणास विचारले जाईल, या जाणिवेने आपण जगले पाहिजे.

हे अल्लाह, तू आमच्या हवाली केलेल्या प्रत्येक जीवाविषयी आमची अंतःकरणे कोमल कर, आमच्या हातून कोणत्याही जीवावर जुलूम होऊ देऊ नकोस आणि आमच्या शेजाऱ्यांसोबत भलाईच्या कामात आम्हाला उभे राहण्याची तौफिक दे. आमीन.