तळघरावरील उपासना

वाचनभाग : यशया १:१५-१७, १ योहान ४:२०



पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या घाना देशांत, समुद्रांत शिरलेलें एक खडकाळ भूशिर आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी त्यास काबो कोर्सो म्हणत. तेंच नांव पालटून इंग्रजांच्या तोंडीं केप कोस्ट झालें. त्या खडकावर एक पांढरा किल्ला उभा आहे. तेथून पश्चिमेस सुमारें ८ मैलांवर एल्मिना नगर आहे. तेथील किल्ला पोर्तुगिजांनीं १४८२ सालीं बांधावयास घेतला व १६३७ सालीं डच लोकांनीं तो जिंकला. या किनाऱ्यावर प्रथम सोन्याचा व्यापार चाले. पुढें माणसांचा चालूं लागला.

केप कोस्टच्या किल्ल्यांतील एक गोष्ट आमच्या अंतःकरणास फार बोंचते. गुलाम पुरुषांच्या अंधाऱ्या तळघरावरच तेथें उपासनेची खोली होती. वर प्रार्थना होई. खालीं जहाज येईपर्यंत माणसें कोंडलेलीं असत. एल्मिनांतही उपासनेच्या जागेच्या दारावर १३२ व्या स्तोत्रांतील वचन लिहिलें होतें. वचन खरें होतें. वाचणारांचीं अंतःकरणें मात्र बंद होतीं.

त्याच केप कोस्टचा पुत्र फिलिप क्वाक्वे हा लहानपणीं इंग्लंडांत शिकावयास गेला. १७६५ सालीं त्यास पाळकपणाची दीक्षा मिळाली. इंग्लंडच्या मंडळीनें दीक्षा दिलेला तो पहिला आफ्रिकी होय. १७६६ सालीं तो परत आला व १८१६ सालीं मरण पावेपर्यंत त्याच किल्ल्याचा पाळक होता. त्यानें मुलांस शिकविलें. किल्ल्यांतील अधिकारी उपासनेविषयीं किती उदासीन आहेत हें त्यानें पत्रांतून कळविलें. पण त्याचें वेतन त्या व्यापाराच्याच हातून येई. आम्ही त्याजवर दगड उचलीत नाहीं. आम्हीही पाळक आहों. ज्याची भाकर खावी त्याचें पाप त्यास दाखविणें किती कठीण, हें आम्ही जाणतों.

इंग्रजी कायद्यानें हा व्यापार १८०७ सालीं बंद केला. पुढें १८३१ सालीं त्याच नगरांतील कांहीं तरुण एकत्र बसून शास्त्र वाचूं लागले. त्यांच्या विनंतीवरून मेथोडिस्ट मिशनरी जोसेफ डनवेल १८३५ च्या आरंभीं आला. सहा महिन्यांच्या आंतच तो तेथें मरण पावला. तरी मंडळी मेली नाहीं. किल्ल्याच्या भिंतींनीं जें केलें नाहीं, तें भुकेल्या वाचकांच्या एका लहानशा जमावानें केलें.

तर बंधूंनो, रविवारीं गाणें गाण्यापूर्वीं खालीं पाहूं या. आमच्या उपासनेखालीं कोण कोंडलेला आहे? ज्याची मजुरी आम्हीं अडकवून ठेविली तो? कर्जापायीं ज्याचा बैल आम्हीं सोडून नेला तो? पूर्वींच्या जातीवरून ज्यास आम्ही अजून दाराजवळ बसवितों तो? उपदेशक बंधूंनो, कोणाच्या भयानें आपलें तोंड बंद आहे? आधीं त्या तळघराचें दार उघडूं या, मग प्रार्थनेस उभे राहूं. देव वरचें गाणें ऐकतो, आणि खालचें रडणेंही ऐकतो. आमेन.