'चाललं ना सर' हे उत्तर नव्हे

बस इथं. मोबाईल पालथा ठेव आणि मी काय सांगतो ते कान देऊन ऐक. लंडनच्या काकानं पाठवलेला कॅल्क्युलेटर घेऊन तू नाचत आलास. वरचा बाण दाबला की पडद्यावरचा ठिपका वर सरकतो, हे मोठ्या दिमाखात दाखवलंस. मी एकच विचारलं : आधी हा ठिपका आपोआप का पळत होता, आणि बाण दाबल्यावर का थांबत होता? तू म्हणालास, "माहीत नाही सर. सी२ होतं तिथं सीए टाकून बघितलं. चाललं ना सर!" डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाच्या तोंडून हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.

खरं तर काय चुकलं ते तू शोधायला हवं होतंस. तुझ्या टीआय-८४ प्लसचा कीपॅड १ नंबरच्या पोर्टवर आहे. त्या पोर्टवर तू एफई पाठवतोस, म्हणजे आठांतला फक्त शून्याव्या जागेचा बिट ०. त्यानं चार बाणांचा गट निवडला जातो. मग तोच पोर्ट तू वाचतोस. या वायरी रेझिस्टरनं वर ओढून धरलेल्या असतात, म्हणून कळ मोकळी असेल तर बिट १ येतो. कळ दाबली की ती वायर गटाच्या शून्यावरच्या वायरीला जोडली जाते आणि बिट ० होतो. वरच्या बाणाचा बिट शून्यापासून मोजला तर तिसरा, म्हणून ०८ शी अँड. उत्तर शून्य आलं तर कळ दाबलेली. तू मात्र सी२, म्हणजे 'शून्य नसेल तर उडी मार', असं लिहून बसला होतास. मग कुणी हात लावला नसतानाही ठिपका पळणारच!

इथं शक्यता दोनच होत्या, म्हणून तुझा अंदाज लागला. एका बाइटला २५६ शक्यता असतात. दोन बाइट चुकले तर ६५,५३६. तेव्हाही टाकूनच बघणार आहेस का?

एवढ्यावर तू थांबलाही नाहीस. कुठून तरी दोन ओळी उचलल्यास, हेक्स २० नंबरच्या पोर्टवर ०१ पाठवलंस, पडदा सगळा विस्कटला आणि तू जाहीर केलंस की कॅल्क्युलेटर बिघडला. काहीही बिघडलेलं नव्हतं. त्या ०१ नं प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवरून १५ वर गेला. पडदा चालवणारी तोशिबाची टी६ए०४ ही चिप मात्र आपल्याच चालीनं चालते. एक बाइट घेतल्यावर पुढच्यासाठी तयार व्हायला तिला सुमारे १० मायक्रोसेकंद हवेत. ६ मेगाहर्ट्झला ६० ठोके म्हणजे १० मायक्रोसेकंद. १५ ला तेच ६० ठोके ४ मायक्रोसेकंदांत संपतात. पहिला घास गिळायच्या आत तू तिच्या तोंडात दुसरा कोंबलास. हा साधा भागाकार आहे रे! तो न करता तू यंत्राला नावं ठेवलीस, याचा मला जास्त राग आहे.

प्रॅक्टिकललाही तुझं हेच चाललं आहे. सीनियरची जर्नल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उतरवलीस. त्याच्या ८०८५ च्या किटवर पोर्टांच्या ८२५५ या चिपचा पत्ता एक, तुझ्या किटवर दुसरा. तिन्ही पोर्ट आउटपुट करणारा कंट्रोल वर्ड ८० तू बरोबर लिहिलास आणि पाठवलास भलत्याच पत्त्यावर. दिवे लागले नाहीत, तेव्हा वहीत शेरा मारलास, 'किट नादुरुस्त'. किटचं मॅन्युअल त्याच टेबलावर पडलं होतं. ते उघडायचे कष्टसुद्धा तू घेतले नाहीस.

आणि एक गोष्ट तुझ्या अजून ध्यानातच आलेली नाही. किटवरचा ८०८५ आणि तुझ्या कॅल्क्युलेटरमधल्या प्रोसेसरचा मूळ पुरुष झेड८०, दोघेही १९७६ सालचे. इंटेल सोडून फेडेरिको फॅजिननं झायलॉग काढली आणि ८०८० चे प्रोग्राम चालतील असा झेड८० घडवला. म्हणून ३ई, डी३, डीबी, ई६, ७६ हे किटवर तू रोज बडवतोस ते आकडे कॅल्क्युलेटरमध्येही तेच काम करतात. किटवर जे एमव्हीआय, ते तिथं एलडी, एवढाच फरक. अर्थ समजून एक शिकला असतास तर दुसरं आपोआप हाताशी आलं असतं. तू दोन्ही पाठ करत बसलास, आणि दोन्ही येत नाहीत.

'आता हे कोण वापरतं, सर' असं म्हणू नकोस. झायलॉगनं २०२४ साली मूळ झेड८० च्या ऑर्डरी घेणं थांबवलं, हे मला ठाऊक आहे. पण उद्या नोकरीत जो मायक्रोकंट्रोलर तुझ्या हाती येईल, त्यात असे शेकडो रजिस्टर असतील. तिथंही पत्ता, बिट आणि वेळ याच तीन गोष्टी सांभाळायच्या आहेत. ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा हा पडदा ७६८ बाइटांत मावतो. एवढं लहान, पुरतं डोक्यात मावेल असं यंत्र पुन्हा तुझ्या वाट्याला येणार नाही. ते समजून घ्यायचं वय हेच आहे, आणि ते तू वाया घालवतो आहेस.

पदरी फार काही नसतानाही जिद्दीच्या लोकांनी काय केलं ते बघ. २००९ साली बेंजामिन मूडी यानं टीआय-८३ प्लस या कॅल्क्युलेटरच्या सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करायच्या किल्लीमागची ५१२ बिटांची, म्हणजे १५४ आकडी संख्या घरच्या संगणकावर अवयव पाडून फोडली. अमेरिकेनं भारताला महासंगणक द्यायला खळखळ केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. विजय भटकरांच्या चमूनं १९९१ साली ट्रान्स्प्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडून परम ८००० हा महासंगणक उभा केला. प्रत्येक ट्रान्स्प्युटरला बाहेर बोलायला लिंका चारच. कुठल्या लिंकेवरून काय जातं, हे माहीत नसताना तो यंत्रसमूह चालला असता का?

पाऊस, लाईट, नेट ही कारणं माझ्यापुढं नकोत. वाळपईत पावसाळ्यात झाड पडून लाईट जाते, हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही. तो कॅल्क्युलेटर चार ट्रिपल ए सेलवर चालतो, आणि प्रोग्राम कागदावर चालवून बघायला तेवढेही लागत नाहीत. साखळी-डिचोलीच्या बसमध्ये रोज तुझा वेळ जातो, तो रील बघण्यात जातो.

२०२१ पासून केअर्स योजनेत गोव्यातल्या सहावी ते आठवीच्या पोरांना कोडिंग शिकवतात. तुझी धाकटी बहीण त्यांतच आहे. पेडण्यात तुये इथं इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांसाठी वसाहत आखली आहे. तिथं मुलाखतीला कुणी जर्नल तपासणार नाही. बोर्ड पुढं ठेवतील आणि विचारतील, हा दिवा का लागत नाही? आपल्या सत्तरी तालुक्याच्या मुलानं तिथं मान खाली घालून बसावं, हे मला सहन होणार नाही. म्हणून हे इतकं कडक बोलतो आहे. तुझ्यात डोकं नसतं तर मी शब्द खर्चला नसता.

आता काम ऐक. सोमवारी कॅल्क्युलेटर घरी ठेवून ये. वहीत रकाने आख : पत्ता, ओपकोड, ए रजिस्टर, झीरो फ्लॅग. बाण दाबलेला आणि न दाबलेला, दोन्ही वेळा एकेक ओळ हातानं चालवून आण. दोन बाण एकदम दाबले तर काय वाचलं जाईल, तेही लिही. उत्तर चुकलं तर आपण दोघं बसून दुरुस्त करू. पण 'टाकून बघितलं' हे शब्द पुन्हा कानावर आले, तर आल्या पावली परत पाठवीन.