योगक्षेम आणि विमा

ज्या वस्तूचे मोल आपण पैशात करीत नाही, तिचा पैशात विमा उतरविणे उचित आहे काय? हा प्रश्न प्रथमदर्शनी व्यवहाराचा वाटतो. परंतु तो आमच्या घरात उभा राहिला तेव्हा तो व्यवहाराहून अधिक धर्माचा आहे असे आमच्या ध्यानी आले. त्या निमित्ताने जे विचार मनात आले ते महाजन बंधुभगिनींपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे घराणे पेडणे महालातील एका देवालयाच्या पूजेअर्चेचे. संपत्ती बेताची; पण आमच्या आजोबांना चित्रांचा व जुन्या वस्तूंचा नाद होता. रविवर्मा छापखान्याची काही शिळाछाप चित्रे, दशावतारी खेळातील दोन लाकडी मुखवटे, एका चित्रकला शिक्षकाने काढून दिलेले दीपमाळेचे जलरंगातील चित्र आणि स्वहस्ते लिहिलेल्या चार पोथ्या, असा त्यांचा संग्रह आमच्या माजघरात आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात डिचोली, सत्तरी व पेडणे या भागांत पुराचे पाणी अनेक घरांत शिरले. आमच्या घरी ते उंबऱ्याशी येऊन थांबले. त्या रात्री तीर्थरूपांनी व आम्ही मिळून एकेक चित्र माळ्यावर चढविले. पुढे एका आप्ताने सुचविले की, या वस्तूंचा विमा उतरवावा. विमाप्रतिनिधी घरी आले, चहा झाला आणि त्यांनी साहजिकच विचारले, "या सर्वांची किंमत किती धरायची?"

तीर्थरूप काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "किंमत सांगणे म्हणजे विकायला बसल्यासारखेच झाले. आणि राखणारा वर बसलेला असताना कागदावर भरवसा ठेवायचा, हे मला रुचत नाही."

या दोन वाक्यांत दोन निरनिराळे आक्षेप आहेत. त्यांचा विचारही निरनिराळाच केला पाहिजे.

दुसरा आक्षेप आधी घेऊ. विमा उतरविणे हा ईश्वरावरील अविश्वास आहे काय? आपल्या शास्त्रकारांनी योग म्हणजे अप्राप्ताची प्राप्ती आणि क्षेम म्हणजे प्राप्ताचे रक्षण असा अर्थ सांगितला आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातील योगक्षेमाच्या श्लोकावरूनच घेतले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. अर्थात विमा कंपनी म्हणजे परमेश्वर नव्हे. तथापि, शेजारती झाल्यावर गाभाऱ्याच्या दारास कुलूप लावणारा पुजारी नास्तिक ठरत नाही. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणारा गृहस्थ वरुणावर अविश्वास दाखवीत नाही. ज्याच्या हाती वस्तू आली त्याने ती सांभाळण्याचा प्रयत्न करावा, आणि प्रयत्न संपतो तेथे ईश्वरावर भार टाकावा, हीच आपली रीत आहे. हा आक्षेप तीर्थरूपांनी स्वतःच पुढे फारसा लावून धरला नाही.

पहिला आक्षेप मात्र खोल आहे. अमूल्य वस्तूस आकडा लावल्याने ती हीन होते काय?

आपल्याच भूमीतील उदाहरण पाहू. श्रीसप्तकोटेश्वराचे दिवाडी बेटावरील देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत उद्ध्वस्त झाले. भक्तांनी लिंग नदीपलीकडे आजच्या डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आणले, १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला आणि अलीकडे पुन्हा जीर्णोद्धार होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी खुले झाले. त्या सोळाव्या शतकात कोणी त्या लिंगाची भरपाई म्हणून मोहरांची रास पुढे ठेवली असती, तर ती रास कोणत्या कामाची होती? मोहरांनी देवालय बांधता आले असते. तेच लिंग परत आणता आले नसते. ते माणसांच्या हातांनी आले.

दुसरे उदाहरण कोकणातील आहे. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १९९७ साली नारळी-पोफळीच्या वाडीत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला. मार्च २०१२ मध्ये तो चोरीस गेला व दोन रखवालदारांचा बळी गेला. चोरट्यांनी तो वितळविला. पुढे सोने हाती लागले, त्यातून नवा मुखवटा घडविण्यात आला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची स्थापना झाली. भक्तांचा भाव अखंड राहिला, ही आनंदाची गोष्ट. परंतु धातू परत आला तरी त्या प्राचीन कारागिराच्या हाताची रेषा परत आली नाही. आणि त्या दोन जिवांची भरपाई तर कोणत्याही वजनात होत नाही.

तेव्हा हे मान्यच केले पाहिजे की, विमा वस्तू परत देत नाही. तो फक्त पैसा देतो. मग त्याचा उपयोग काय? अमेरिकेत बोस्टन शहरी इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांचे संग्रहालय आहे. १९९० च्या मार्चमध्ये तेथून तेरा कलावस्तू चोरीस गेल्या. त्यांचा चोरीविरुद्ध विमा नव्हता. त्या अद्याप सापडलेल्या नाहीत, आणि काही चित्रांच्या रिकाम्या चौकटी भिंतीवर तशाच आहेत. विमा असता तरी त्या चौकटी रिकाम्याच राहिल्या असत्या, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु प्रत्येक आपत्तीत वस्तू समूळ नाहीशी होत नाही. बहुधा ती भिजते, काळवंडते, तडकते. भिजलेले चित्र वाळवून, बुरशी काढून, फाटलेला कागद जोडून पूर्ववत करणारे तज्ज्ञ आहेत. त्यांच्या कामास पैसा लागतो, आणि तो पुजाऱ्याच्या दक्षिणेतून सहजी निघत नाही. म्हणजे विम्यातील आकडा हा वस्तूचा मोबदला नसून तिच्या शुश्रूषेची तरतूद आहे. आजाऱ्याच्या औषधासाठी पैसे बाजूस ठेवणारा त्या माणसाची किंमत ठरवीत नसतो.

येथे एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. देवता ही जंगम मालमत्ता नव्हे. कायद्याच्या दृष्टीनेही ती स्वतंत्र व्यक्ती आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक कुटुंबाच्या दाव्यात म्हटले. तमिळनाडूतील पत्तूर येथील नटराजाची मूर्ती लंडनला पोहोचली होती. १९९१ साली तेथील अपील न्यायालयाने तिच्यावरील देवालयाचा हक्क मान्य केला आणि ती स्वदेशी आली. देवाचे दागिने, पालखी, समया यांचा विमा उतरविता येतो. कारण ती देवाची मालमत्ता आहे. पण जो स्वतः मालक आहे, त्यास मालाच्या यादीत कसे लिहावे? म्हणून आमच्या देव्हाऱ्यातील देव आम्ही यादीबाहेर ठेवले.

आता प्रामाणिकपणाचा प्रश्न. बोलता बोलता प्रतिनिधी म्हणाले, "थोडी जास्तच लिहा, पुढे उपयोगी पडेल." तीर्थरूपांनी तात्काळ मान हलविली. विमा हा परम विश्वासाचा करार आहे. अनेकांच्या हप्त्यांतून एकाची आपत्ती निभावली जाते. तेथे खोटा आकडा लिहिणारा कंपनीस नव्हे, तर अज्ञात शेजाऱ्यांस फसवितो. शिवाय सामान्य विम्यात भरपाई प्रत्यक्ष हानीहून अधिक मिळत नाही. उलट, हप्ता वाचविण्यासाठी किंमत कमी लिहिली तर भरपाईही त्या प्रमाणात घटते. लाखाची वस्तू पन्नास हजारांस नोंदविली आणि वीस हजारांची हानी झाली, तर बहुधा दहा हजारच हाती येतील. म्हणून जाणकाराकडून मूल्य ठरवून घ्यावे आणि ते आधीच उभयपक्षी मान्य करावे, हा मार्ग उत्तम. आमची छापील चित्रे आम्हांस कितीही प्रिय असोत. ती शिळाछापावर असंख्य प्रतींत निघालेली आहेत. आमच्या आठवणींचा हप्ता कंपनीने भरावा, हे न्याय्य नव्हे.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. वाळवी, कसर व सावकाश होणारी झीज यांची भरपाई विमापत्रात सहसा नसते. ती जबाबदारी घरच्यांचीच. दुसरे असे की, संपूर्ण भरपाई घेतल्यावर चोरीस गेलेली वस्तू सापडली, तर सामान्यतः तिच्यावर कंपनीचा हक्क पोहोचतो. पैसे परत करून ती पुन्हा घेता येईल काय, हे आधीच लिहून घ्यावे. तसेच शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी आम्ही असे केले. प्रथम कौले शाकारली. मग एका वहीत प्रत्येक वस्तूची नोंद केली व छायाचित्रे काढली. त्यासाठी पाच संध्याकाळ लागल्या. त्या पाच संध्याकाळी तीर्थरूपांनी प्रत्येक वस्तूची हकीकत सांगितली. गणपतीचा मुखवटा ज्यांच्या तोंडावर चढत असे ते कलावंत आमच्याच सोप्यावर रात्री जेवून निजत, हे आम्हांस पंचविशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. पूर आला असता आणि विमा असता, तर पैसा मिळाला असता. ही हकीकत मात्र बुडाली असती. चित्रांचा व मुखवट्यांचा विमा उतरविला. पोथ्यांपुढे तीर्थरूपांनी आकडा लिहू दिला नाही, आम्ही आग्रह धरला तेव्हा म्हणाले, "त्या तू नकलून काढ. तोच त्यांचा विमा." पहिल्या पोथीची एकवीस पाने लिहून झाली आहेत. तीर्थरूपांचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी पटले आहे असे नाही. मूळ पोथी भिजली तर खर्चास पैसा कोठून आणावा, ही चिंता आहेच. पण नकलण्याचे काम आमच्याकडून विमापत्राने करविले नसते, हेही खरे.

महाजनांच्या अनेक घरी असा काही ठेवा असेल. विमा उतरवावा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. परंतु येत्या मृगापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांजवळ एक वही घेऊन बसावे, एवढी आमची नम्र विनंती आहे.