शाळेच्या फाटकावरचा म्हातारा

माझी थोरली नात कॉलेजात शिकते. तिला गोष्टी लिहायचा नाद आहे. 2022 च्या दिवाळीत ती मोबाईल घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आबा, ही वाचा. लॉकडाऊनमधली लव्हस्टोरी हाय. लाजू नगा."

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. प्रेमाच्या गोष्टी तरुणपणी मीही चोरून वाचल्यात, खोटं कशाला बोलू? पण लॉकडाऊन आणि प्रेम यांचा मेळ मला लागेना. माझ्या डोक्यात लॉकडाऊन म्हणजे उभा झेंडू. 2020 च्या मार्चात देवळं बंद झाली, लग्नं थांबली, फुलाला विचारणारं कुणी राहिलं नाही. एक एकर फुललेल्या झेंडूत मी धनगराची मेंढरं घातली. तसं बोललो तर नात म्हणाली, "आबा, तवा आमी सोळा-अठराच्या पोरी होतो. आमचं वय काय बंद झालं नव्हतं." दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, त्या वर्षीची ही पोरगी. मला उत्तर सुचलं नाही. चष्मा लावला आणि वाचायला बसलो.

शहरातल्या असल्या गोष्टींत म्हणे समोरासमोर दोन बाल्कन्या असतात. नातीच्या गोष्टीत जिल्हा परिषदेची शाळा होती. पुण्याहून गावी आलेला एक पोरगा तिथं 14 दिवस ठेवलेला. घरच्यांनी डबा फाटकाशी ठेवायचा, ते मागं सरले की त्यानं उचलायचा. शाळेमागच्या गल्लीत एक पोरगी रोज संध्याकाळी शेळी घेऊन येते. भिंतीची दोन-चार दगडं पडलेली. दोघं दहा हात लांब उभी राहतात, तोंडाला रुमाल बांधून बोलतात. काय बोलतात? तर उद्या काय होईल, कंपनी परत बोलावेल का, निकाल कधी लागेल. फाटकावर एक म्हातारा राखणीला असतो. एका संध्याकाळी तो दोघांना बघतो. मग लिंबाच्या झाडाकडं तोंड फिरवून तंबाखू मळत बसतो. गोष्ट तिथंच संपते.

वाचून झाल्यावर मला बराच वेळ बोलता आलं नाही. फाटकावरचा तो म्हातारा मी होतो. गावानं राखणीच्या पाळ्या लावल्या होत्या, संध्याकाळची पाळी माझी. ती दोघं मी खरंच पाहिली होती. फक्त मी लिंबाकडं तोंड फिरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या बापाला बांधावर गाठलं आणि म्हणालो, "पोरीकडं जरा ध्यान दे." तो भांगलत होता. खुरपं हातात तसंच राहिलं. "बरं झालं सांगितलंसा," एवढंच बोलला.

जूनमध्ये त्या पोरीचं लग्न झालं. दारातच मांडव. माणसं पन्नासाच्या आत, तोंडाला मास्क, मांडवात शिरताना हातावर सॅनिटायझर. पोरीला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. सगळं नियमात. त्या पन्नासात मीही होतो, अक्षता टाकल्या, जेवलो. जुलैत बारावीचा निकाल लागला. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली, पण पेढे वाटायला ती गावात नव्हती. तिला नर्सिंगला जायचं होतं, हे मला नंतर नातीकडून कळलं.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. खोटं तर बोललो नाही, डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं. पण एकदा मी बांधाकडेच्या गवतावर तणनाशक मारलं होतं. बाटलीवर लिहिल्याप्रमाणं माप घेतलं, पंपही धुतलेला. तेवढ्यात वारा फिरला आणि शेजाऱ्याच्या द्राक्षाचे शेंडे वाकडे झाले. औषध खरंच होतं. वारा कुठं वाहतोय हे बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. खऱ्या गोष्टीचंही तसंच आहे. ती कुणाच्या कानावर घालतोय आणि तिथून ती कुठं जाणार, हे सांगणाऱ्यानं बघायला नको का? त्या बापाचा स्वभाव मला चाळीस वर्षं ठाऊक होता. वारा कुठला आहे ते मला माहीत होतं.

दुसरं मी म्हणायचो, मला राखणीला बसवलं होतं, मी माझं काम केलं. तेही खरं नाही. मला रोगाची राखण दिली होती. ती पोरं दहा हात लांब उभी होती, रोगाचा नियम त्यांनी पाळला होता. मी राखत बसलो ती अब्रू, आणि तीही दुसऱ्याच्या घरची.

मग कुणी विचारील, म्हाताऱ्या माणसानं बघून न बघितल्यासारखं करावं का? पोरगा फसवणारा निघाला असता तर? हा प्रश्न खोटा नाही. गोष्टीतला म्हातारा तोंड फिरवतो, ते मला पुरतं पटलेलं नाही. पण आणखी एक वाट होती आणि ती मला त्या वेळी दिसलीच नाही. मी त्या पोरीशीच बोलू शकलो असतो. "बाळ, काय चाललंय? जपून ऱ्हा," एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. बोलायचं म्हटल्यावर मला बाप आठवला, पोरगी आठवली नाही. जिच्याबद्दल बोलायचं तिलाच आपण बोलण्यात धरत नाही, ही आमच्या पिढीची खोड आहे.

पोरगी सुखात आहे, असं तिचा बाप सांगतो. असेलही. पण तिच्या सुखाचा हिशोब तिला सोडून आम्ही सगळे मांडतो.

नातीला मी त्या दिवशी विचारलं, "म्हाताऱ्यानं तोंड का फिरवलं गं?" ती म्हणाली, "तुमी असता तर तसंच केलं असतं की, आबा. तुमाला बघूनच लिवलंय." ती पोरगी हिची मैत्रीण. घरी कुणी सांगितलं, याचा शोध दोघींना आजवर लागलेला नाही. त्या वेळी मी हसलो आणि मोबाईल परत दिला.

हे पुस्तक छापून आलं की पहिली प्रत नातीच वाचणार आहे. तिला तोंडानं सांगायचा धीर मला झाला नाही, म्हणून इथं लिहिलं.